बुचाचं खालचं टोक

ईश्वरीनं तपकिरी बाटलीतलं सिल्व्हर नायट्रेट परीक्षानळीत ओतलं आणि नळी खिडकीकडे धरली. पाण्यासारखं नितळ दिसायला हवं होतं. दिसलं ते तांदूळ धुतल्या पाण्यासारखं. दुसरी नळी घेतली, तीच गत. तासाभरात बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा, बाहेरचे परीक्षक एव्हाना पालमच्या स्टँडवर उतरून चहा घेत असणार, आणि इथं ही बाटली नासलेली!

"कुणीतरी बूच टेबलावर ठेवलं, घाण लागली," रसायनशास्त्राचे रंगनाथ सर म्हणाले. राग त्यांच्या नाकावरच असायचा. "काल सरावाला इथं शेवटी कोण होतं?"

"ऋतुजा," ईश्वरीच्या तोंडून निघून गेलं.

प्रयोगशाळा सांभाळायचं काम ईश्वरीचं. वर्षभर तिनं पोरांच्या मागं धोशा लावला होता. बूच खाली ठेवायचं नाही, दोन बोटांच्या बेचक्यात धरायचं, खालच्या टोकाला बोट लावायचं नाही. दारातच विचारायची, "हात धुतले का?" पोरं मागून तिची नक्कल करायची, तेही तिला ठाऊक होतं.

सरांनी बोलावल्यावर ऋतुजा आली ती दारातच थबकली.

"सर, मी बूच ठेवलंच न्हाई. मॅडमनी सांगितल्यावानी हातातच धरलं होतं."

"मग बाटली आपोआप नासली? आज तुला परीक्षेला बसू द्यायचं की नाही, ते बघतो मी."

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. ईश्वरीचा जीव थाऱ्यावर राहीना. तिनं पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं, नळ्यांची घोडी इकडची तिकडं केली, बंद नळ पिळून पाहिला. एवढी गुणी पोर, हिनं कशाला केलं असेल?

"बोटं दाखव," सर म्हणाले. "बुचाच्या ओल्या टोकाला हात लागला असेल तर कातडी काळी पडते. लपायचं न्हाई ते."

ऋतुजानं दोन्ही पंजे पुढं केले. शाईचा एक ठिपका सोडला तर स्वच्छ.

ईश्वरीची नजर आपसूक स्वतःच्या हाताकडं गेली. उजव्या हाताची तीन बोटं टोकाशी काळपट. असले डाग तिला नेहमीचेच, म्हणून तिनं लक्षच दिलं नव्हतं. आता मात्र आठवलं. काल सकाळी एसटी उशिरा आली होती. घरी कपाळाला विभूती लावायचीही राहिली, म्हणून इथं कपाटापाशीच तिनं पर्समधली डबी उघडली, तीन बोटांनी पट्टे ओढले, आणि त्याच हातानं घाईघाईत बाटली उघडली. बूच निसटलं. तिनं वरच्या वर झेललं, नेमकं खालच्या टोकाला. तसंच बाटलीला लावलं आणि विसरून गेली. सरावात पोरांच्या नळ्यांत पांढरा साका येतच होता, म्हणून कुणाला शंकाही आली नाही.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि नाव सांगणारी तीच. तिनं हात पदराआड घेतला. लाज वाटली, आणि भीतीही वाटली. "डाग नसला तरी बूच टेबलावर ठेवलंच असेल हिनं," म्हणत सर दाराकडं वळले.

"सर, थांबा. तिला बसू द्या." तिनं हात पदरातून काढला. "बाटली मी नासवली. राखेची बोटं लागली माझी."

सरांनी तिची बोटं पाहिली, मग कपाळावरचे पांढरे पट्टे.

"तुमी?" ते म्हणाले. मग घड्याळाकडं बघून म्हणाले, "नवीन द्रावण करा. लवकर."

सर गेले. ईश्वरीनं धुतलेली कोरी बाटली काढली. ऋतुजाकडं बघायचं धाडस होईना. तिनं डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीचं बूच धरायला हात पुढं केला.

"मॅडम."

ऋतुजा डोळे पुसत जवळ आली होती. आवाज अगदी हळू होता, आणि त्यात नक्कल नव्हती.

"हात धुतले का?"

ईश्वरी मुकाट्यानं बेसिनकडं गेली. ऋतुजानं नळ सोडला, साबण पुढं केला. आज सकाळची विभूती पाण्याबरोबर वाहून गेली. काळे डाग तसेच राहिले.