बिस्मिल्लाबीच्या जागी कुंदाबाई

गझालाच्या रॅपनं आर्णीत नुसता धुमाकूळ घातला होता. पानठेल्यावर तेच, वरातीच्या डीजेवर तेच. घरात हिंदी बोलणाऱ्या पोरीनं गाणं केलं ते मात्र शेतातल्या वऱ्हाडीत. कारण ते तिच्या दादीचं होतं, चाळीस वर्षं लोकांचा कापूस वेचणाऱ्या बिस्मिल्लाबीचं:

"बिस्मिल्लाबीचे बोटं फाटले बोंडाबोंडानं,
इथली नोहे म्हनता तिले कोन्या तोंडानं?"

गावातल्या मंडळानं तिला लोकगीतांच्या कार्यक्रमात बोलावलं. दादीला तिनं हट्टानं पहिल्या रांगेत बसवलं. आणि स्टेजमागे अध्यक्ष वामनरावांनी अक्कल पाजळली.

"गानं एक नंबर हाय, बेटा. फक्त नाव बदल. उगाच कोनी काही म्हनते. कुंदाबाई टाक, आमच्या घरवालीचंच नाव. चालीतही बसते."

"मंग गान्यात राह्यलं काय, काका? कुंदाकाकूले कोन म्हनते, तू इथली नोहे म्हनून?"

वामनराव नुसते हसले. कानाखाली वाजवावीशी वाटावी, असं ते हसणं. गझालानं सोबत आलेल्या अब्बांकडे पाहिलं. अब्बांचं, म्हणजे सरदारभाईंचं, गॅरेज मंडळाच्याच गाळ्यात होतं. त्यांनी मान खाली घातली.

"एकच तं नाव हाय, बेटी. गाऊन टाक."

त्या खाली गेलेल्या मानेचा तिला वामनरावांपेक्षा जास्त राग आला. तरी तिनं ऐकलं.

ती कुंदाबाई म्हणून गायली. टाळ्या पडल्या, शाल मिळाली, कुंदाकाकू तर लाजून लाल झाल्या. ती खाली उतरली तेव्हा दादीनं तिचा हात धरला. म्हातारी रागावली नव्हती, तिला खरंच कळलं नव्हतं.

"कुंदाबाईचे बोटं कवा फाटले वं, बेटा? त्याहीच्या वावरात तं मीच वेचत होती."

गझालाच्या अंगाची लाही लाही झाली. वामनरावांची, अब्बांची आणि सगळ्यांत जास्त स्वतःचीच चीड आली. शाल खुर्चीवर भिरकावून, आभाराचं भाषण चालू असतानाच ती स्टेजवर चढली. वामनरावांच्या हातातला माईक तिनं हिसकावला. कोणीतरी लगेच साऊंड बंद केला.

मग ती तशीच ओरडली, गळ्याच्या शिरा ताणून, "बिस्मिल्लाबीचे बोटं फाटले!"

दादी घाबरून उभी राहिली. "उतर वं बेटा, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे!" गझाला म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.