रोज काय काय करता?

दादरच्या हितेंद्रकडे कॉम्प्युटरचा वेग वाढवून घ्यायला लोक पार विरारहून यायचे. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा मशीन जास्त पळवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हौसेला मोल नसतं, आणि पळवणं फार अवघडही नसतं. अवघड असतं ते पळवलेलं मशीन टिकेल की नाही हे सांगणं.

त्यासाठी टेस्ट असतात. मशीनवर तासन्‌तास ताण टाकायचा आणि ते कोलमडलं नाही की पास म्हणायचं. हितेंद्रचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा गौतम एकदा हुरळून आला. "चोवीस तास टेस्ट चालवली रे, एकदम मख्खन!"

"रोज काय काय करतोस यावर?" हितेंद्रनं विचारलं, आणि मग तो तेच करत बसला. गाणं लावलं, फोटो उघडले, पेनड्राइव्हवर फाइल टाकली आणि मशीन तसंच ठेवून चहाला गेला. परत येऊन बघतो तर स्क्रीन काळी ठिक्कर.

"टेस्टच्या वेळी सगळेच छाती काढून उभे राहतात," तो म्हणाला. "मशीन कळतं ते रोजच्या कामात."

गिऱ्हाइकाबरोबर बाप किंवा नवरा आला असेल, तर त्याला तो सरळ गप्प बसवायचा. जो वापरतो, त्यानंच बोलायचं. एवढं शहाणपण माणसाजवळ होतं. गाळ्याचं शटर ओढताना ते आतच ठेवून घरी जात असावा.

घर लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. घरात तो आणि आई, कौसल्या. गौरी आल्या त्या दिवशी आईच्या छातीत कळ आली, तसा हा घाबरला. चार दिवसांत तिला ट्रेडमिलच्या टेस्टला घेऊन गेला. साडी नेसून पट्ट्यावर पळता येत नाही, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या मीराबाईंनी सुनेचा गुलाबी पंजाबी ड्रेस दिला. त्या ड्रेसात आई नऊ मिनिटं चालली. काचेपलीकडे मुलगा उभा होता, त्याच्याकडे बघून मधेच हसलीसुद्धा.

रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरीणबाईंनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "रोजच्या कामात दम लागतो का? जिना चढताना, पीठ मळताना?"

कौसल्यानं ओढणी सावरली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं होतं, हे हितेंद्रला पुढे जन्मभर आठवणार होतं.

"छे हो डॉक्टर," तोच म्हणाला. "सगळं घर एकटी करते ती!"

अभिमानानं म्हणाला. आईनं तोंड मिटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. येताना त्यानं किलोभर पेढे घेतले आणि "आई पास झाली!" म्हणत अख्ख्या चाळीत वाटले.

दिवाळीला चार दिवस होते. चकलीचं पीठ मळता मळता कौसल्या परातीशेजारी कलंडली, ती उठलीच नाही. हितेंद्र त्या वेळी दुकानात कुणाच्या तरी मशीनवर गाणं लावून बसला होता.

पुढचे दिवस तो रिपोर्ट वाचत राहिला. त्यात काहीच वाईट नव्हतं. हा काय न्याय झाला, असं येईल त्याला विचारायचा.

तेराव्याच्या जेवणाचा डबा घेऊन तो मीराबाईंकडे उतरला. त्यांच्या दाराबाहेर एक लाकडी स्टूल होतं. जाता-येता ते त्यानं शंभरदा पाहिलं असेल. त्यावर डबा ठेवायला गेला, तशा मीराबाई म्हणाल्या, "त्याच्यावर नको रे. तुझ्या आईचं आहे ते."

"आईचं?"

"बाजारातून आली की इथंच टेकायची. पाणी प्यायची, श्वास जागेवर आला की वर जायची. तुमच्याकडचं रोजच्या चपात्यांचं पीठसुद्धा हल्ली माझी सून मळून द्यायची. तुला काय वाटलं, कोण करतं?"

हितेंद्रनं डबा खाली फरशीवरच ठेवला. "कधीपासून, काकी?"

"गणपतीच्या आधीपासून."

"मग मला का नाही सांगितलंत?" तो जवळजवळ ओरडला.

"मी म्हटलं तिला, पोराला सांग. तर म्हणाली," मीराबाईंनी डोळ्यांना पदर लावला, "'एवढे पेढे वाटल्यान माझ्या झिलान, आता खंयच्या तोंडान सांगू?'"

तो त्या स्टुलावर मटकन बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. मीराबाई पाठीवर हात फिरवत राहिल्या. त्यांनी आणलेलं पाणी त्याच्याच्यानं पिववेना. तो पेला आईचाच होता, हेही त्यांनी न विचारता सांगून टाकलं.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली. दुकानात दिवसातून दहादा विचारायचा तो प्रश्न कसाबसा त्याच्या तोंडून बाहेर पडला.

"काकी, रोज काय काय करायची ती?"

मीराबाई उंबऱ्यावर बसल्या आणि सकाळचं पाणी यायच्या वेळेपासून सांगायला लागल्या.