शिलाई मशीनची ओळ

घाटकोपर स्टेशनबाहेर दशरथ तांबे टाइपरायटर मांडून लोकांचे अर्ज टाइप करत बसायचा. गिरणी सुटल्यापासून पोट त्यावरच. कुणाला उत्पन्न कमी दाखवायचं असो की पोराचं वय, दशरथचं पालुपद एकच, "लिहून टाकू. कोण बघतंय?" वाचकहो, आपणही हे कधी ना कधी म्हटलेलं आहेच!

एक दिवस पलीकडच्या गल्लीतल्या मशिदीचे मौलाना इब्राहिम परकार आले. माणूस रत्नागिरीकडचा. मशिदीचा पगार घेत नसत, दुपारभर शाळेचे गणवेश शिवून घर चालवत. विलायतेतल्या गिरण्यांत कामाला गेलेल्या कोकणी मुसलमानांनी त्यांना इमाम म्हणून बोलावलं होतं, त्यासाठी व्हिसाचा अर्ज टाइप करून हवा होता. तिकडे मयताला रीतसर आंघोळ घालणारंसुद्धा कुणी नव्हतं. गेल्या थंडीत एका म्हाताऱ्याचं मयत दोन दिवस खोळंबलं होतं.

पण तिथल्या सरकारचा नियम कडक होता. येणारा पूर्णवेळ धर्मगुरूच हवा, त्या नावाखाली दुसरा धंदा शोधणारा नको.

दशरथने व्यवसायाच्या रकान्यात 'फक्त इमाम' टाइप केलं. "मशीनचं लिहिलं तर वाट लागली समजा. शिंपी म्हणून परत पाठवतील."

"पण मी शिवतो ना, दशरथराव!"

"अहो, कोण बघतंय?"

"ज्याच्यासमोर दिवसातून पाच वेळा उभा राहतो, तो बघतो ना! आणि दार त्यांचं, ते विचारणारच. मी खोटं बोलून आत शिरलो, तर माझ्यामागून येणाऱ्या खऱ्या इमामावर कोण विश्वास ठेवील? मशीनचं लिहा."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर इथंच गणवेश शिवीन," मौलाना म्हणाले. पण मयत खोळंबलेला तो म्हातारा त्यांना आठवला असावा.

दशरथ बघतच राहिला. हजारो अर्ज बडवले त्याने, पण आपल्याच विरुद्ध जाणारी ओळ मागून घेणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला! त्याने नवा कागद घातला आणि 'इमाम; दुपारी शिलाई मशीनवर गणवेश शिवतो' अशी ओळ टाइप केली.

तीन आठवडे दशरथच्या जिवाला घोर लागला होता. मग मौलाना पेढे घेऊन आले.

"व्हिसाच्या साहेबाने अर्धा तास मशीनबद्दलच विचारलं. शेवटी म्हणाला, जो स्वतःच्या तोट्याचं आपणहून लिहितो, त्याच्या बाकीच्या कागदावर मी शंका कशाला घेऊ? असं म्हणून, तिकडे पूर्णवेळ इमामच राहीन हा माझा शब्द मानून त्याने व्हिसा दिला."

दशरथने भर रस्त्यात हात जोडले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "भाऊ, उत्पन्न जरा कमी टाका. कोण बघतंय?"

"मी बघतोय!" दशरथ म्हणाला.

नागरिकहो, नियम सरकार करतं, पण त्यावरचा विश्वास आपल्या सहीवर उभा असतो. एकाची खोटी ओळ दुसऱ्या खऱ्या माणसाचं दार बंद करते!