पितळी डाग

राजेसाब मिस्त्रीचं उभं आयुष्य सोलापुरात यंत्रमागांचे भाग दुरुस्त करण्यात गेलं. होडीला त्याचा हात लागला तो सत्तरीत. तीस वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली शिकलेला अजिनाथ आता बडी असामी झाला होता. उजनीच्या पाण्याकाठी, माढ्याच्या बाजूला, त्यानं हॉटेल टाकलं होतं आणि मुंबईहून एक जुनी शिडाची होडी आणली होती. तो स्वतः घरी येऊन राजेसाबच्या पाया पडला.

"वस्ताद, होडी पाण्यात घालायचीय. चरख्या पार जाम झाल्यात. तुमच्याबिगर कुणाला जमायचं न्हाय."

शिडाचे दोर ताणायच्या त्या दोन पितळी चरख्या समुद्राच्या खारानं हिरव्या पडल्या होत्या. बोल्ट तुटू नयेत म्हणून राजेसाबनं त्यांना तीन दिवस रॉकेल पाजलं, मग गरम करून एकेक सोडवला. चरख्या घरी आणल्या. आतले खटके झिजले होते. ते नवे घडवले, कानशीनं घासून बसते केले. हात थरथरायचा, म्हणून मनगट टेबलाला टेकवून घासायचा.

"डोळं जातील," त्याची बायको बिस्मिल्ला म्हणायची. "एवढं काय हाय त्यात?"

"पोरानं आठवण ठेवली की."

दीड महिन्यानं त्यानं चरख्या होडीवर परत चढवल्या. एका बोटानं ढकललं तरी फिरत होत्या, खटके टिकटिक वाजत होते. हॉटेलातली माणसं भोवती जमली होती. राजेसाबनं पाण्याकडं बघत विचारलं, "कधी सोडायची?"

"सोडायची न्हाय," अजिनाथ म्हणाला. "दारात ओट्यावर सिमेंटात बसवायची. लोक फोटू काढत्याल. लेकरांची बोटं अडकतील, तवा दोन्ही चरख्यांना पितळंचा डाग दिऊन कायमच्या जोडून टाका. फिराय नगं. गॅस आणून ठिवलाय."

"मग दीड महिना घासून का घेतल्या?"

अजिनाथ शांतपणे बोलला. "तुमच्याकडं शिकताना मी आठ दिवस मागाचं एक चाक घासलं हुतं, वस्ताद. तुमी चारचौघांत ते भंगारात फेकलं. म्हणला, जा, मेंढरं राख. बा माजी भाकरी घिऊन आला हुता. दारात बसून त्यानं ऐकलं. त्या दिवसापासनं त्यानं माज्या कामाची चौकशी केली न्हाय."

राजेसाबनं आठवून बघितलं. कितीजणांची चाकं त्यानं भंगारात फेकली होती.

"मला आठवत न्हाय, अजिनाथ." तो खरंच सांगत होता.

अजिनाथचा चेहरा उतरला. एवढी वर्षं त्यानं या दिवसाची वाट बघितली होती, आणि हे उत्तर त्याच्या हिशोबात नव्हतं. "मग डाग देताना आठवा," तो म्हणाला.

माणसं बघत होती. कुणी मध्ये पडलं नाही. राजेसाबला निघून जाता आलं असतं. पण एवढ्यांच्या नजरेतून चालत जाण्यापेक्षा त्याला खाली मान घालून काम करणं सोपं वाटलं. त्यानं गॅस पेटवला. पहिला डाग हात हलल्यानं वाकडा पडला. तो त्यानं घासून काढला आणि नीट दिला. अजिनाथनं दांडा घालून जोर लावून बघितला. चरखी तसूभर हलली नाही.

"आता दुसरी," तो म्हणाला.

काम उरकलं तेव्हा सकाळी त्याला घेऊन आलेली हॉटेलची गाडी भाजी आणायला गेली होती. हत्यारांची पिशवी घेऊन राजेसाब उन्हातून हायवेपर्यंत चालत आला.

फाट्यावर उभा असताना त्याला आठवलं. अजिनाथ नाही; त्याचा त्या वेळचा चेहरा अजूनही डोळ्यांपुढं येत नव्हता. दारात बसलेला एक म्हातारा आठवला, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. आपण त्याला काय म्हणालो तेही आठवलं. "ए, सरक तिकडं. उजेड अडवू नगंस."

अजिनाथला हे ठाऊक नसावं, नाहीतर त्यानं तेही सांगितलं असतं. परत जाऊन सांगावं असं राजेसाबला एकदा वाटलं. मग सोलापूरची एसटी आली आणि तो चढला.

बिस्मिल्लानं विचारलं, "चालली का व्हडी?"

"व्हय," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.