बाटलीवरचा माणूस

लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, दुष्काळही नेमानं हजेरी लावत होता, पण आतड्याचं मोठं ऑपरेशन म्हटलं की अजून नांदेडच गाठावं लागे. लातूरच्या गंज बाजारातला आडत्या गुंडप्पा नांदेडच्याच एका दवाखान्यात पडून होता. तोंडात काही घ्यायचं नाही. सगळं जेवण गळ्याजवळच्या शिरेतून, बाटलीनं.

ती बाटली लावायची पंचशीला सिस्टर, आणि हेच गुंडप्पाच्या बायकोला, दानम्माला, सहन होत नव्हतं. लग्न झाल्यापासून त्याचं ताट तिनंच वाढलेलं. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन तो पूजा करी, मग दानम्माकडं बघे, मगच घास घेई. आता पूजा आटोपली की नजर बाटलीवर, नाहीतर सिस्टरवर. दानम्माच्या अंगाचा तिळपापड होई. तोंडानं खायची वेळ आली की आपल्याच हातचं खाईल, त्या परजातीच्या बाईच्या हातचं थोडंच, असं मनाशी घोकत ती स्टुलावर बसून राही.

मग त्याचे डोळे पिवळे पडले. डॉक्टरांनी बरगड्यांमधून सुई घालून काळजाचा, म्हणजे यकृताचा, बारीक तुकडा काढला आणि तपासायला पाठवला.

“तुकड्यात चरबी साठलीय, पित्त तुंबलंय,” अहवाल आल्यावर डॉक्टर म्हणाले. “शिरेतून जेवण फार दिवस चाललं, आतडं बसून राहिलं, की काळीज असं बिघडतं. अजून हाताबाहेर गेलेलं नाही. आजपासून तोंडानं थोडं थोडं द्या. खाणं जमलं तर बाटली कमी करता येईल.”

“बगा! बाटलीनंच केलं,” दानम्मा सिस्टरला ऐकवत म्हणाली.

“बाटलीवरच जगले पण, वहिनी.”

दानम्मा पेजेच्या तयारीला लागली. टँकरच्या पाण्यात तिनं घरच्या ज्वारीची पेज शिजवली, फडक्यातून गाळली. गुंडप्पानं पूजा केली. आणि बघितलं ते दाराकडं, सिस्टर गेली होती तिकडं.

दानम्मानं चमचा मागं घेतला. “आधी माज्याकडं बगा. मग घास.”

त्यानं बघितलं. पिवळ्या डोळ्यांत पाणी होतं.

“गिळायचं लई भ्या वाटतंय गं,” तो म्हणाला. “सिस्टर जवळ असल्या म्हंजे वाटत न्हाई.”

दानम्माला त्याचा राग आला, सिस्टरचा आला, स्वतःचाही आला. पेज निवत चालली होती. ती उठून दाराशी गेली.

“सिस्टर, या जरा. हितं उभ्या ऱ्हावा,” ती म्हणाली. “चमचा मातर मीच धरनार.”