खिळ्यावरचा नान

"लचका पण दाखवू का, खाला? नानचा केक एकदम हुबेहूब होईल!"

मी एवढं विचारलं आणि ओयनिसो खाला माझ्या पियाल्यात चहा ओतायला लागली, ती थांबेचना. काठोकाठ भरला. आमच्या समरकंदात पाहुण्याला चहा घोटभरच ओततात, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसून राहतो. पियाला काठोकाठ भरला की समजायचं, उठा आता.

"अगं, गंमत केली!"

"तुझी गंमत तुझ्या दुकानात ठेव, हमरो. मर्दोनच्या वाढदिवसाला केक अख्खा पाहिजे. लचका तो स्वतः तोडेल."

मर्दोन तिचा एकुलता एक. रशियात इमारती बांधायला गेला. निघताना आईनं समोर धरलेल्या नानचा त्यानं एक लचका तोडला, आणि उरलेला नान तिनं भिंतीवर खिळ्याला टांगला. घरोघरी असंच करतात. परत येऊन ज्याचा त्यानंच तो संपवायचा. आधी फोन यायचे, मग बंद झाले. नान वाळून लाकूड झाला, पण लचक्याची खूण तशीच. दातांची कमान आणि मधोमध एक सुळका उरलेला, कारण तिथं पोराला दातच नव्हता. जर्दाळूच्या बिया तोंडात फोडायचा नाद, त्यात पुढचा दात गेला आणि कायमची खिडकी पडली.

शेजारची करोमत येता-जाता म्हणायची, "खाला, चिमण्यांना घाला आता तो." नान टांगलेला आहे तोवर पोरगा वाटेवर आहे, एवढंच खालाला ठाऊक.

बरं, माझा धंदाच फसवायचा: आत केक, दिसायला भलतंच काही. टरबुजाचा केक, सामशाचा, म्हणजे आमच्या समोशाचा, केक. एका लग्नात पुलावाचा असा केक केला की नवऱ्या मुलाच्या काकानं त्याच्यावर चिरलेला कांदा मागितला! खालाच्या नानसाठी भटारखान्यातून खरा ठसा आणला, मधे टोचे मारून नक्षी उठवली, जाळलेल्या साखरेची तकाकी दिली, वर कलौंजी पेरली. वाढदिवसाला खालानं तो खिळ्याखालीच अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवला. करोमत सुरी घेऊन आली आणि जागच्या जागी थांबली.

"सुरी कशी लावायची याला? पाप लागेल!"

"अगं, केक आहे तो. आत नुसती साय आहे!"

"मग तुम्हीच लावा ना, हमरो-आका."

मी सुरी घेतली. हात पुढे जाईना. मीच बनवलेला, तरी! केक आहे हे डोक्याला माहीत होतं. हाताला एवढंच माहीत, नानला सुरी लावायची नाही.

"झाका," खाला म्हणाली. "आधी जेवा. मग हातानं तोडू."

वर मीच फडकं टाकलं, खोलीला बाहेरून कडी घातली आणि आम्ही सगळे अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली पुलावावर बसलो. मी मधोमध, करोमतच्या नवऱ्याशी गाजरं जाड चिरावीत की बारीक यावरून भांडत. मांडवातल्या साळुंक्यांचा कलकलाट चालला होता, तो एकदम थांबला. आणि खोलीतून आवाज आला, कुर्रर्र. तंदूरमधून नुकताच काढलेला नान तोडावा तसा. केक असा वाजत नाही हो. मी खालाकडे पाहिलं. तिचा हात ताटात तसाच थांबला होता.

जेवणं झाल्यावर कडी तिनंच काढली. फडकंही तिनंच उचललं.

केकचा लचका गेलेला. दातांची कमान, मधोमध सुळका. केक शीतकपाटातून काढलेला, थंडगार, आणि खोलीभर गरम नानचा वास.

"हमरो-आका!" करोमत किंचाळली. "आजच्या दिवशी तरी थट्टा सोडायचीत!"

सगळे माझ्याकडे वळले. काही हसले, एकानं शिवी हासडली. "नानची शपथ, मी..." असं म्हणता म्हणता माझी नजर खालाकडे गेली. चेहरा कणकेसारखा पांढरा. मी नाही म्हटलं, तर मग कोण? जिवंत माणूस दार वाजवून येतो, आईला हाक मारतो. कडी लावलेल्या खोलीत येऊन कोण खातं?

"नानची शपथ, मीच," म्हटलं. "जमलंय की नाही हुबेहूब?"

करोमतच्या नवऱ्यानं पाठीत असा गुद्दा घातला की श्वास अडकला. मग सगळे हसले, सुटल्यासारखे. केक हातानं तोडून वाटला. लचक्याच्या कडेचा तुकडा मात्र कुणी उचलला नाही.

माणसं गेली. मी ताटं गोळा करत होतो.

"हमरो, जरा हस बघू," खाला म्हणाली.

हसलो. ती वाकून माझे दात बघत राहिली. पुढचे दोन सोन्याचे, पण फट कुठेच नाही. तिनं माझ्या गालावर हात फिरवला. "गुणाचा आहेस रे."

मग तिनं कोरा पियाला घेतला, त्या उरलेल्या तुकड्यासमोर, बरोबर खिळ्याखाली ठेवला आणि चहा ओतायला लागली. घोटभर झाला. अर्धा झाला.

"खाला, पुरे ना," मी म्हणालो.

ती ओततच राहिली. पियाला काठोकाठ भरला. थेंबही सांडला नाही.