कुंपणाजवळच्या दोन बादल्या

सलग तिसऱ्या दिवशी त्याच दोन बादल्या रिकाम्या निघाल्या, तेव्हा ओदिल बोल्द्यूकची खात्रीच पटली. हे काम शेजारच्या व्हाल्मोरचं.

यंदा तिने पहिल्यांदाच मेपलचा पाक घरी करायला घेतला होता. चौतीस वर्षं दंतवैद्याच्या हाताखाली काढलेली बाई. ड्रिलला घाबरणारी नव्हती. तरी झाडाला भोक पाडून तोटी ठोकली आणि तिच्या टोकाशी पाण्यासारखा रसाचा थेंब लोंबला, तेव्हा तिला एकटीलाच हसू फुटलं होतं. मार्चचा मध्य, रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन. रस धावायचे हेच दिवस. मागच्या आवारातल्या तीन झाडांवर तिने दुकानातल्या निळ्या प्लास्टिकच्या बादल्या टांगल्या होत्या. कुंपणाजवळच्या दोन थोराड झाडांवर मात्र जुन्या, पत्र्याच्या. चर्चमधल्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळालेल्या.

पहिल्या आठवड्याचा रस तिने गॅरेजमागे शेगडी मांडून दिवसभर उकळला. चाळीस लिटरचा जेमतेम लिटरभर पाक झाला. त्यातली एक बाटली लाल फीत बांधून तिने क्युबेक शहरात मुलीकडे, मारीझकडे पाठवली. आणि आता हे.

बर्फात पावलं स्पष्ट होती. कुंपणाच्या फटीतून येऊन झाडांपाशी घुटमळून परत गेलेली, डावा पाय जरासा फरफटलेला. कंबरेच्या ऑपरेशनपासून असं चालणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता.

व्हाल्मोर पुलँने पन्नास वर्षं टेकडीवर पाकाची भट्टी चालवली होती. ऑपरेशननंतर ती बंद पडली. ओदिलने चार वर्षांपूर्वी हे घर घेतलं, जमीन मोजून घेतली, तेव्हा ती दोन मोठी झाडं तिच्या हद्दीत निघाली. व्हाल्मोरने एक शब्द काढला नाही. एकट्याने कुंपणाचा एकेक खांब उपटून दोन मीटर मागे रोवला. तेव्हापासून दोघांत बोलणं सोडा, मान हलवणंही नव्हतं.

"आई, खार असेल गं," मारीझ फोनवर म्हणाली.

"खार झाकण काढते, बादली रिकामी करते आणि झाकण परत नीट बसवून जाते? तुमच्या शहरातल्या खारी फार शिकलेल्या दिसतात."

"मग जाऊन विचार की त्यांना."

"विचारून कुठला चोर कबूल होतो?"

पण एक गोष्ट तिला टोचत होती. दोन दिवस ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्या घराकडे नजर लावून होती. रस चोरला तर उकळायला हवा. उकळला तर वाफ दिसायला हवी, वास यायला हवा. तिकडे काहीच नाही. म्हणजे लपवून ठेवतोय. कुठे? कशासाठी? तिसऱ्याच कुणाला देतोय की काय? ती जितका विचार करी, तितका तो माणूस तिला आतल्या गाठीचा वाटू लागला.

गुरुवारी सकाळी ती पोहायला जाते हे गावाला माहीत होतं. त्या गुरुवारीही तिने टॉवेल मागच्या सीटवर टाकला, गाडी काढली, दफनभूमीपाशी उभी केली आणि मागच्या वाटेने चालत येऊन लाकडांच्या खोपटात लपली. फळ्यांच्या फटीला डोळा लावला.

वीस मिनिटांत तो आला. हातात ना कॅन, ना पिंप. त्याने पहिलं झाकण काढलं, बादली आकड्यावरून उतरवली, आत बोट फिरवून पाहिलं आणि सगळा रस बर्फावर ओतून दिला. मग दुसरी बादली.

ओदिल खोपटातून बाणासारखी सुटली. "व्हाल्मोर! लाज नाही वाटत?"

म्हातारा दचकला. बादली हातातून निसटली.

"चोरून प्यायला असतात तर एक वेळ समजले असते. हे काय? मला मिळू नये म्हणून मातीत घालता?"

"बाई, ओरडू नका. या बादल्या माझ्या होत्या."

"झाडंही तुमची, बादल्याही तुमच्याच. घरही घेऊन टाका!"

"घर नको. त्याचं छप्पर गळतं." त्याने वाकून बादली उचलली आणि तिच्यापुढे धरली. "हा जोड बघा. हा करडा डाख. यात शिसं आहे. माझ्या बापाच्या काळच्या बादल्या या. रस यात साठला की शिसं त्यात उतरतं. आणि उकळून आटवलात की आणखी वाढतं."

"मग चर्चच्या विक्रीला कशाला दिल्यात?"

"फुलझाडं लावायला. तशी चिठ्ठी बांधली होती मी."

"चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती."

"होती."

"नव्हती!"

तो खाली बघत म्हणाला, "चार दिवसांपूर्वी इथे टांगलेल्या दिसल्या, तेव्हापासून रोज ओततोय."

"मग दार ठोठावून सांगता येत नव्हतं? तोंड शिवलं होतं?"

"सांगितलं असतं, की या दोन झाडांचा रस पिऊ नका. कोणती दोन झाडं? हीच. ठेवला असतात विश्वास?"

विश्वास ओदिलचा आत्ताही बसला नव्हता. इतकी बेतलेली गोष्ट सांगायला या माणसाला चार दिवस मिळालेच होते. ती तशीच गाडीकडे गेली आणि हार्डवेअरच्या दुकानातून शिसं तपासायच्या काड्या घेऊन आली. निळ्या बादलीवर काडी घासली, काही नाही. पत्र्याच्या बादलीच्या जोडावर घासली. टोक आधी गुलाबी, मग लालभडक झालं.

त्या लाल रंगाकडे बघता बघता तिला बाटली आठवली. तिने फोन लावला.

"मारीझ, तो पाक उघडलास का?"

"रविवारीच. ओफेलीने पॅनकेकवर ओतून खाल्ला. आणखी पाठव म्हणतेय."

नात ओफेली चार वर्षांची होती.

पुढचे पाच दिवस ओदिलला जेवण गेलं नाही. मारीझने मुलीला डॉक्टरकडे नेलं, रक्त तपासायला दिलं. तिने आईला दोष दिला नाही, आणि तेच ओदिलला जास्त लागलं. कुंपणापाशी रोज सकाळी व्हाल्मोर उभा असायचा.

"आला का रिपोर्ट?"

"नाही."

एवढंच. तो टोपी खाली ओढून परत जायचा. पहिल्या दिवशी तिला वाटलं, स्वतःच्या अंगाशी येऊ नये म्हणून चौकशी करतोय. चौथ्या दिवशी त्याचे डोळे पाहिले, तेव्हा तोही झोपलेला नाही हे तिला कळलं.

मंगळवारी मारीझचा फोन आला. रक्तात काळजीसारखं काही नव्हतं. ओदिल फोन ठेवून तशीच चपलांवर बर्फात धावत गेली.

"ठीक आहे पोरगी!"

व्हाल्मोरने खांबाला धरलं. "देवा," म्हणाला, आणि नाक पुसत घरात गेला. थोड्या वेळाने भट्टीवरच्या दोन ॲल्युमिनियमच्या बादल्या घेऊन तो परत आला.

"या चांगल्या आहेत. एकसंध, जोडच नाही."

ओदिलने खिशातून काड्या काढल्या. त्याच्यासमोरच दोन्ही बादल्या आतून, बाहेरून, कडेने घासून पाहिल्या. त्याचे कान लाल झाले, पण तो हलला नाही. काड्यांचा रंग बदलला नाही. तिने बादल्या टांगल्या.

शनिवारी ती उकळायला बसली, तेव्हा तो न बोलावता येऊन ओंडक्यावर बसला. फेस वर आला की हाताने खूण करायचा, आच कमी. तापमान एकशेचार अंशांवर पोचलं. तिने पाक फडक्यातून गाळला, छोट्या कपात ओतला आणि त्याच्यापुढे धरला.

"आधी तुम्ही."

व्हाल्मोरने तिच्याकडे पाहिलं, कप घेतला, डोळे मिटून घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला.

"जरा जास्त आटलाय," तो म्हणाला. "थोडा आधी उतरवायला हवा होता."

पाक खरंच जास्त आटलाय, की म्हातारा अजून झाडांचा राग काढतोय, ते ओदिलला कळेना. तिने त्याच्या हातातून कप घेतला आणि स्वतः चाखून पाहिलं.